सोन्याचे नाणे, खोटी वंशावळ

१९९१ मध्ये चीनमधल्या कासवाच्या एका नव्या प्रजातीची शास्त्रीय नोंद झाली. नाव ठेवले गेले मॉरेमिस इव्हरसोनाय. पुढच्याच वर्षी ऑकेडिया फिलिपेनी, सकालिया स्यूडोसेलाटा आणि कुओरा सेराटा या तीन नावांची भर पडली. १९९४ मध्ये ऑकेडिया ग्लिफिस्टोमा आले, १९९७ मध्ये मॉरेमिस प्रिचार्डाय. सहा वर्षांत सहा नवी कासवे! सगळी दुर्मीळ, सगळी देखणी. आणखी एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. वर्णनासाठी वापरलेले नमुने प्राण्यांच्या व्यापारातून आलेले होते. ही कासवे कुठल्या ओढ्यात, कुठल्या डोंगरात राहतात, हे व्यापाऱ्याने सांगितले तेवढेच माहीत होते.

मग डीएनए तपासणी झाली आणि कोडे उलगडले. प्राण्याच्या पेशीत दोन ठिकाणी डीएनए असतो. पेशीकेंद्रातला डीएनए आई आणि वडील दोघांकडून येतो, मायटोकॉन्ड्रियातला जवळजवळ पूर्णपणे आईकडून. एखाद्या कासवाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एका प्रजातीशी तंतोतंत जुळत असेल आणि केंद्रातल्या डीएनएत मात्र दोन प्रजातींच्या खुणा निम्म्या-निम्म्या दिसत असतील, तर ते कासव नवे नसते. ते दोन जुन्या प्रजातींचे मिश्रण असते. २००१ पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी या सहाही कासवांबद्दल हेच दाखवले. इव्हरसोनाय म्हणजे आशियाई पिवळे तळ्यातले कासव आणि तीन पट्ट्यांचे पेटी-कासव यांचा संकर. फिलिपेनी आणि स्यूडोसेलाटा यांच्यातही एक जोडीदार तेच तीन पट्ट्यांचे कासव.

हे तीन पट्ट्यांचे कासव, शास्त्रीय नाव कुओरा ट्रायफॅसिएटा, चीनमध्ये 'सोन्याच्या नाण्याचे कासव' म्हणून ओळखले जाते. त्याच्यापासून केलेली औषधी जेली आणि काढे कर्करोगावर गुणकारी असल्याची समजूत आहे. तिला आधुनिक वैद्यकाचा आधार नाही, पण या समजुतीने एका कासवाची किंमत हजारो डॉलरवर नेली. दक्षिण चीन, लाओस आणि व्हिएतनामच्या ओढ्यांतून ते जवळजवळ पुसले गेले. आज ते 'अतिसंकटग्रस्त' प्रजातींच्या यादीत आहे. २००१ मध्ये चीनच्या हैनान बेटावरच्या एका कासवपालन केंद्रात हुबेहूब इव्हरसोनायसारखी कासवे आढळली आणि 'नवी प्रजाती' कुठून येत होती, त्याचा उलगडा झाला. सोन्याच्या नाण्यासारखे दिसणारे पिल्लू साध्या कासवाच्या मदतीने मिळत असेल तर बाजाराला तो मोह होणारच. शास्त्रज्ञांच्या टेबलावर पोहोचलेली ती 'नवी प्रजाती' खरे तर खोटे नाणे होती.

हा किस्सा शास्त्रज्ञांच्या फजितीचा म्हणून सांगितला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. त्यातला धडा मात्र कासव पाळणाऱ्यांसाठी आहे. दुर्मीळ कासवांचा हौसेने किंवा पैशासाठी संकर करणे हा निरुपद्रवी छंद नाही. त्यामुळे प्रजाती वाचवण्याचा उरलेला शेवटचा मार्गही बंद होऊ शकतो.

महाराष्ट्रात 'संकरित' हा शब्द चांगल्या अर्थाने रुजलेला आहे. संकरित ज्वारी, संकरित कापूस, संकरित गाय यांनी उत्पादन वाढवले, त्यामुळे संकर म्हणजे सुधारणा हे समीकरण मनात पक्के बसले आहे. कासवांच्या बाबतीतही हाच युक्तिवाद ऐकू येतो: दोन प्रजातींची पिल्ले जास्त काटक, जास्त चपळ, जास्त रंगीत निघतात, मग बिघडले कुठे? पण संकरित बियाण्याची दुसरी बाजू प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. संकरित बी दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. घरचे दाणे पेरले तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. आणि ते नवे बी तयार करण्यासाठी बियाणे संस्थांना दोन्ही मूळ वाण वेगवेगळ्या शेतात, अंतर राखून, कटाक्षाने शुद्ध ठेवावे लागतात. संकराची सगळी इमारत शुद्ध वाणांच्या पायावर उभी असते. पाया खोदून त्याच दगडांनी माडी बांधता येत नाही. दुर्मीळ कासवांच्या संकरात नेमके हेच चालले आहे.

गायींच्या बाबतीत महाराष्ट्राने हा अनुभव थोड्या उशिरा घेतला. दूध वाढले हे खरे. पण खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ यांसारख्या देशी गायींचे शुद्ध कळप जपण्यासाठी आता वेगळे प्रयत्न करावे लागतात. तरी गायींच्या बाबतीत मूळ जनावरे हजारोंनी शिल्लक होती. काही कासवांच्या बाबतीत उरलेली जनावरे एका वहीत नावानिशी लिहिता येतील इतकी कमी आहेत.

कुओरा झोवी हे त्याचे टोकाचे उदाहरण. १९९० मध्ये या कासवाचे वर्णन झाले तेही चीनच्या बाजारात मिळालेल्या प्राण्यांवरूनच. हे कासव मात्र डीएनएच्या कसोटीला उतरले. ती खरी, स्वतंत्र प्रजाती आहे. पण आजवर कोणाही संशोधकाला ते त्याच्या नैसर्गिक घरात सापडलेले नाही. जर्मनीतील म्युन्स्टरच्या प्राणिसंग्रहालयातले कासव-संवर्धन केंद्र आणि काही मोजके जाणकार पाळणारे, यांच्याकडची कासवे म्हणजेच जवळपास ही अख्खी प्रजाती. अशा कासवाची एक मादी दुसऱ्या प्रजातीच्या नरासोबत ठेवली तर काय होते, याचा हिशेब कोणीही करू शकतो. मादी वर्षाला मोजकीच अंडी घालते. वयात यायला तिला कित्येक वर्षे लागतात. संकरित पिल्लांवर खर्च झालेला प्रत्येक हंगाम हा शुद्ध पिल्ले न जन्मलेला हंगाम असतो.

शिवाय एकदा झालेली चूक त्या हंगामापुरती राहत नाही. कासवाची मादी नराचे शुक्राणू शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकते. अमेरिकेतल्या पेटी-कासवांत नरापासून वेगळे केल्यावर चार वर्षांनीही मादीने फलित अंडी घातल्याची नोंद आहे. म्हणजे चुकीच्या नरासोबत एका टाकीत घालवलेला एक पावसाळा पुढच्या अनेक वर्षांच्या पिल्लांचे पितृत्व संशयास्पद करून ठेवतो. 'जोडीदार मिळेपर्यंत एकत्र राहू दे' असे म्हणणाऱ्या हौशी माणसाला याची कल्पना क्वचितच असते.

इथे एक प्रश्न साहजिक आहे. घोडा आणि गाढवाचे खेचर वांझ असते, मग संकरित कासवांचा वंशही तिथेच थांबत नसेल का? बऱ्याचदा थांबत नाही, आणि अडचण तीच आहे. कासवांच्या वंशशाखा लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी त्यांच्यात संकर होण्याची क्षमता आश्चर्यकारक टिकून आहे. मॉरेमिस आणि कुओरा यांना शास्त्रज्ञ वेगवेगळ्या गटांत ठेवतात, तरीही त्यांची पिल्ले होतात. काही संकरित कासवे पुढे स्वतः प्रजननही करतात. खेचराचा वंश त्याच्यासोबत संपतो. प्रजननक्षम संकरित कासव तीस-चाळीस वर्षे जगते आणि त्याची पिल्ले, नातवंडे हळूहळू शुद्ध कासवासारखी दिसू लागतात. पाठीच्या ढालीवरचे पट्टे, पोटाच्या ढालीवरचे डाग, डोक्याचा रंग पाहून मग कोणालाच फरक कळत नाही.

दिसण्यावर भरवसा ठेवणे किती धोक्याचे आहे, हे बंगालच्या उपसागराकाठच्या एका मोठ्या नदी-कासवाने दाखवून दिले. बटागुर बास्का या नावाने सुंदरबनपासून मलेशियापर्यंतची कासवे एकच प्रजाती मानली जात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्या दोन वेगळ्या प्रजाती असल्याचे दाखवले. सुंदरबनचे बटागुर बास्का जगातल्या सर्वांत दुर्मीळ कासवांपैकी एक ठरले आणि मलेशियाकडच्या भावंडाला बटागुर अफिनिस हे नाव मिळाले. त्याआधी दोन्हीकडची जनावरे एकाच प्रजातीची समजून शास्त्रशुद्ध हेतूनेही एकत्र ठेवली गेली असती, तर कोणी हरकत घेतली नसती. आज पश्चिम बंगालमधील सजनेखालीच्या तळ्यांत त्याच बटागुर बास्काची पैदास करून त्याला परत खाडीत नेण्याचे काम चालू आहे. ते शक्य झाले कारण तिथली कासवे स्थानिक होती आणि त्यांचे मूळ माहीत होते.

संकराचे समर्थन करणाऱ्यांचा दुसरा मुद्दा बाजाराचा आहे. पाळीव कासवांची मागणी पैदाशीतून भागली तर जंगलातली कासवे वाचतील, असे ते म्हणतात. तर्क आकर्षक आहे, पण चीनचा अनुभव उलटा आहे. तिथल्या कासवपालन केंद्रांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात वर्षाला ३० कोटींहून अधिक कासवांची विक्री नोंदवली गेली. त्यात बहुसंख्य मऊ पाठीची खाण्याची कासवे होती. एवढी पैदास होऊनही जंगली कासवांची शिकार थांबली नाही. जंगलातून आणलेली मादी पैदाशीला चांगली, हा समज पक्का असल्याने पालन केंद्रेच जंगली कासवांची मोठी गिऱ्हाईक बनली. संकरित कासव तर मागणी भागवत नाही, भूक वाढवते. 'जगात एकच' म्हणून विकले जाणारे पिल्लू पाहिल्यावर दुसऱ्याला वेगळ्या जोडीचे पिल्लू हवेसे वाटते. त्यासाठी पुन्हा दुर्मीळ आई-बाप हवे असतात.

तिसरा मुद्दा निसर्गाचा. निसर्गातही प्रजातींचा संकर होतो, मग माणसाने केला तर काय झाले? संकर होतो हे खरे आहे. वर उल्लेखलेल्या कुओरा सेराटासारखी संकरित कासवे हैनानच्या जंगलातही सापडली आहेत, आणि ती तिथे दोन पेटी-कासवांच्या नैसर्गिक मिलनातून जन्मली असावीत असे संशोधकांनी २००५ मध्ये मांडले. पण तो संकर एकाच डोंगरावर शेजारी राहणाऱ्या प्रजातींत, क्वचित, आणि दोन्ही प्रजातींचे मोठे कळप भोवती असताना होतो. त्या पिल्लांची परीक्षा थंडी, दुष्काळ आणि शिकारी प्राणी घेतात. टाकीत परीक्षा घेणारे कोणी नसते. शेकडो किलोमीटर दूरच्या नद्यांतली, एरवी कधीही न भेटणारी दोन जनावरे तिथे एकत्र येतात आणि त्यांच्या पिल्लाला खाणेपिणे, ऊब, डॉक्टर सगळे मिळते.

टाकीतले टाकीत राहिले असते तर वादाची धार थोडी कमी झाली असती. पण कासवे सुटतात, सोडली जातात. तैवानच्या ओढ्यांत परकी कासवे आणि स्थानिक कासवे यांचे संकर डीएनए तपासणीतून समोर आले आहेत. व्यापारातून आलेली जनावरे त्याचे संभाव्य कारण मानली जातात. जपानमध्ये तर स्थानिक जपानी तळ्यातले कासव आणि रीव्हजचे कासव यांच्या संकराला 'उनक्यू' असे बोलीतले नावच आहे. रीव्हजचे कासव जपानचे मूळचे नसून कोरिया आणि चीनमधून माणसाबरोबर आले, हे २०११ च्या अभ्यासात दिसले. ही संकरित कासवे प्रजननक्षम आहेत. जगात फक्त जपानमध्ये आढळणाऱ्या कासवाचा वारसा असा थेंबाथेंबाने पातळ होत आहे आणि ते थांबवण्यासाठी आता नद्यांतून एकेक कासव वेचून तपासावे लागते.

भारतातही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. भारतातले स्टार कासव जगातल्या सर्वाधिक तस्करी होणाऱ्या कासवांपैकी एक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळायला बंदी आहे, आणि २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेल्याने त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. तस्करांकडून जप्त केलेली शेकडो कासवे सोडायची कुठे, हा वनखात्यापुढचा नेहमीचा पेच असतो. गुजरात-राजस्थानची, दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची स्टार कासवे एकाच प्रजातीची असली तरी त्यांच्या वंशरेषा वेगळ्या आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी जप्त कासवांचे मूळ जनुकीय तपासणीतून शोधण्याचा प्रयत्न करणारा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच कारणाने. जप्त केलेली कासवे मूळ न तपासता जवळच्या माळावर सोडून देणे ही दया वाटते. प्रत्यक्षात तो सरकारी शिक्क्याने झालेला संकर ठरू शकतो.

मुंबई-पुण्यात परदेशी कासवे पाळणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करणे आणि पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांची पैदास करणाऱ्यांना परवाना घेणे त्यामुळे बंधनकारक झाले. नोंदणीचे तपशीलवार नियम २०२४ मध्ये आले. ही पावले योग्य आहेत. पण नोंदणीच्या रकान्यात 'प्रजाती' लिहिताना मालक दुकानदाराने सांगितलेले नाव लिहितो, आणि दुकानदार त्याला घाऊक व्यापाऱ्याने सांगितलेले. ज्या साखळीने शास्त्रज्ञांना सहा वेळा फसवले, तीच साखळी आता सरकारी नोंदवहीत उतरणार असेल तर त्या नोंदवहीचा उपयोग काय? साइट्सचे नियम इथे स्पष्ट आहेत. मागच्या चार पिढ्यांत यादीतल्या पहिल्या दोन परिशिष्टांतला पूर्वज असेल, तर संकरित प्राण्यालाही त्याच प्रजातीचे नियम लागू होतात. चार पिढ्यांचा दाखला मात्र पैदास करणाऱ्याने नोंद ठेवली असेल तरच मिळतो.

मग संकर कधीच करू नये का? एक अपवाद मान्य करावा लागेल, आणि तो गॅलापॅगोस बेटांनी घालून दिला आहे. पिंटा बेटाच्या महाकाय कासवांतला शेवटचा नर 'लोन्सम जॉर्ज' २४ जून २०१२ रोजी मेला. त्याच्यासोबत दुसऱ्या बेटाच्या माद्या अनेक वर्षे ठेवल्या होत्या. त्यांनी अंडी घातली, पण ती फलित निघाली नाहीत. शुद्ध जोडीदार उरलेलाच नसताना केलेला तो शेवटचा प्रयत्न होता. फ्लोरियाना बेटाची गोष्ट थोडी वेगळी. तिथली कासवे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नष्ट झाली. पण देवमासे मारणाऱ्या जहाजांवरून इकडे तिकडे गेलेल्या कासवांचे वंशज वुल्फ ज्वालामुखीच्या उतारावर संकरित रूपात सापडले. डीएनए तपासून फ्लोरियानाचा वारसा जास्त असलेली कासवे निवडण्यात आली आणि २०१७ पासून त्यांची नियोजित पैदास सुरू झाली.

या अपवादातल्या अटी महत्त्वाच्या आहेत. शुद्ध प्रजाती संपलेली होती. प्रत्येक जनावराचा डीएनए तपासलेला होता. हेतू हरवलेला वारसा परत गोळा करण्याचा होता. काम सार्वजनिक संस्थांच्या हातात होते आणि पिल्ले विक्रीला नव्हती. यातली एकही अट बैठकीच्या खोलीतली टाकी पूर्ण करत नाही. 'शास्त्रज्ञ करतात मग आम्ही का नको' याचे उत्तर एवढेच आहे.

शुद्ध पैदाशीला किती यश येऊ शकते, तेही शेजारच्या म्यानमारने दाखवले आहे. तिथले बर्मी स्टार कासव जंगलातून जवळपास नाहीसे झाले होते. तस्करांकडून सोडवलेल्या सुमारे पावणेदोनशे कासवांपासून सुरू झालेल्या संवर्धन केंद्रांनी दहा-बारा वर्षांत संख्या १४ हजारांच्या पुढे नेली, आणि शेकडो कासवे अभयारण्यांत परतली. त्यासाठी चमत्कार लागला नाही. योग्य जोड्या, राखलेली नोंद आणि संयम लागला.

कासव पाळणाऱ्यांनी करायच्या गोष्टीही साध्या आहेत. दोन प्रजातींची कासवे एका टाकीत ठेवू नयेत. जागा नसेल तर दुसरे कासव घेऊ नये. कासव कोणत्या जोडीचे, कोणत्या वर्षीचे, हे लेखी मिळाल्याशिवाय विकत घेऊ नये. संकर आधीच झाला असेल तर त्या पिल्लाचा दोष नाही. त्याला सांभाळावे, पण त्याची पुढे पैदास करू नये, 'शुद्ध' म्हणून देऊ नये आणि तळ्यात तर कधीच सोडू नये. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने अर्जात 'संकर' हा वेगळा रकाना ठेवावा, आई-वडिलांची नोंद मागावी आणि अतिसंकटग्रस्त प्रजातींसाठी डीएनए तपासणी सक्तीची करावी. अशी तपासणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळा देशात आहेत. जप्तीच्या कासवांबाबत तर ही तपासणी सोडण्याच्या आधी व्हायला हवी.

दुर्मीळ कासवाची किंमत त्याच्या पाठीवरच्या नक्षीत नसते. कधीतरी एखादा ओढा पुन्हा स्वच्छ होईल, शिकार थांबेल, आणि तिथे कासवे परत सोडण्याची वेळ येईल. तेव्हा पेटीतून बाहेर येणारे कासव तिथलेच आहे याची खात्री देता आली पाहिजे. ही खात्री एकदा गेली की डोळ्यांदेखत कासवे जिवंत असतात, अंडी घालत असतात, आणि तरीही प्रजाती संपलेली असते.